शेरा : वरीलप्रमाणे

कचेरीत त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. शिपायापासून वरच्या साहेबापर्यंत सगळे त्याला 'वरीलप्रमाणे' म्हणत, आणि घाई असली की नुसतं 'वरील'. 'वरीलला बोलवा', 'वरील जेवायला गेलेत', 'ही फाईल वरीलच्या टेबलावर टाक'. नव्या माणसाला आधी वाटे, हा कोणी मोठा अधिकारी असावा. मग दिसे तो तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीतला, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला कारकून. गेली अकरा वर्षं हा माणूस एका शब्दावर पगार घेत होता.

त्याच्याकडे सरकारी रिकाम्या जागांची नोंदवही होती. म्हणजे सरकारच्या मालकीच्या, पण सरकारला सध्या नको असलेल्या जागा. बंद पडलेल्या दवाखान्याचं आवार, वळण बदललेल्या रस्त्याचा उरलेला तुकडा, कधीकाळी शाळा होणार होती ते मैदान. एकूण एकशे बारा. दर जागेला एक पान आणि दर वर्षाला एक ओळ. नियम असा, की कारकुनाने वर्षातून एकदा स्वतः जागेवर जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात दिसेल ते लिहायचं. नियम चांगलाच होता. नियम चांगलेच असतात, पायपीट तेवढी माणसाला करावी लागते.

पहिल्या वर्षी तो हौसेने निघाला आणि नऊ जागा फिरला. नवव्या जागेवर एक कुत्रं मागे लागलं, चप्पल तुटली, आणि परत येऊन बघतो तो वहीत तेच लिहिलेलं होतं जे त्याने पाहिलं: 'रिकामी'. त्याच्या आधी ही वही त्याच्या वडिलांकडे होती. एकतीस वर्षं. वडिलांचं अक्षर मोत्यासारखं, एकाखाली एक, एकतीस वेळा 'रिकामी'. मग त्याने विचार केला, की जागा काही उठून कुठे जात नाही. नाना बघून आलेच होते. त्याने नानांच्या शेवटच्या ओळीखाली 'वरीलप्रमाणे' लिहिलं, आणि पुढच्या वर्षी त्याखाली पुन्हा तेच, आणि तेव्हापासून दर वर्षी ये रे माझ्या मागल्या. एका दुपारी सगळी वही उरकत असे. उरलेलं वर्ष तो आवक-जावक सांभाळायचा.

आळशी होता असं कोणी म्हणू नये. वेळेवर यायचा, नाकासमोर चालायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त बघायला जायचा नाही.

त्या सोमवारी त्याच्या टेबलावर एक पत्र आलं, नुसतं माहितीसाठी. वीजकेंद्राची राख टाकायला सखल जागा हवी होती, म्हणून मागच्या वर्षी सत्तेचाळीस नंबरची जागा त्यांना देण्यात आली होती. उतारा त्यानेच काढून दिला होता, खाली 'प्रत्यक्ष पाहणी केली आहे' या छापील ओळीवर सहीही त्याचीच. सलग तीस वर्षं रिकामी अशी नोंद असलेल्या जागेला नोटीस लागत नाही, असं परिपत्रक होतं. नोटीस घ्यायला तिथे कोणी नसतंच. आता बांध पुरा झाला होता. गुरुवारी दुपारी बारा वाजता राख-पाणी, म्हणजे पाण्यात कालवलेली राख, पाइपने सोडणार. त्याने पत्राला भोक पाडलं, दोरा ओवला आणि फाईल कपाटात ठेवली.

संध्याकाळी घरी नाना खिडकीपाशी बसले होते. नानांचं हल्ली सकाळचं संध्याकाळी राहत नसे. सुनेला कधी बहिणीच्या नावाने हाक मारायचे, जेवून उठले की जेवायचं राहिलं म्हणायचे. पण वहीची पानं मात्र तोंडपाठ. रोज मुलगा आला की एकच प्रश्न.

"आज किती जागा झाल्या रे?"

"चार, नाना."

अकरा वर्षं हेच चाललं होतं. कधी तो तीन म्हणे, कधी पाच. म्हाताऱ्याचं समाधान होई आणि याच्या जिभेला हाड नसे. त्या दिवशी गप्पांना काहीतरी हवं म्हणून तो म्हणाला, "आणि तुमची ती सत्तेचाळीस, विटांच्या भट्टीची. गुरुवारी भरणार आहेत. राख टाकणार तिथे."

नानांच्या हातातली बशी कलंडली. चहा धोतरावर सांडला तरी त्यांनी पाहिलं नाही.

"आणि माणसं?"

"कुठली माणसं?"

"सत्तेचाळीसातली," नाना म्हणाले. डोळे एकदम स्वच्छ झाले होते, जणू कोणी आतला दिवा लावला. "अठ्ठावीस होती मी सोडली तेव्हा. तू दर वर्षी जातोस ना? आता किती आहेत?"

तो वाकून धोतरावरचा चहा पुसू लागला. बापाला तेवढं पुरलं असावं. नानांनी जे सांगायला हवं होतं ते सांगितलं.

"माझं पहिलं वर्ष. एकतीस नंबर, जुन्या गोदामामागची पट्टी. तिथे बावीस माणसं राहत होती. मी इमानदारीने लिहिलं. नावं, चुली, सगळं. वाटलं, सरकारला कळलं की काहीतरी सोय होईल. आठव्या दिवशी गाड्या आल्या. एका बाईचं पातेलं चुलीवर होतं, ते उकळतं तसंच हातात घेऊन ती रस्त्यावर उभी. मला ओळखलं तिने. म्हणाली, साहेब, तुम्ही तर नुसतं नाव विचारलं होतं."

"मग?"

"मग तीच माणसं वर्षभराने मला सत्तेचाळीसात सापडली. बंद भट्टीच्या खोल्यांत. मी वही मिटली. त्यांना म्हटलं, अळीमिळी गुपचिळी. इथे कोणी राहत नाही, हे तुम्ही मला सांगा, मी वहीला सांगतो. पुढच्या दारांना गंजकी कुलपं लावून ठेवा, जा-ये मागून करा. फाईलवाला दिसला की सगळे खाली, धुराच्या बोगद्यात. तो गेला की मी सायकलची बेल दोनदा वाजवीन. मग वर या."

"नाना, मला का नाही सांगितलंत?" तो जवळजवळ ओरडला. त्याला राग आला होता आणि तो नक्की कोणाचा हे त्याला कळत नव्हतं.

"सांगायचं काय त्यात? असल्या गोष्टी घरात बोलायच्या नसतात. म्हटलं, पहिल्याच वर्षी जाशील, बघशील, समजशील. माझाच मुलगा आहेस." नानांनी बशी उचलून जागेवर ठेवली. "रोज विचारत होतो की तुला."

मंगळवारी तो कचेरीत न जाता बस पकडून थेट सत्तेचाळीसवर गेला. आयुष्यात पहिल्यांदा. शहर संपतं तिथे जमीन एकदम खाली उतरत होती, आणि त्या खोलगट जागेत जुनी भट्टी उभी होती: अर्धं पडलेलं धुराडं, कामगारांच्या बारा खोल्यांची एक ओळ, प्रत्येक दाराला गंजलेलं कुलूप. चारी बाजूंनी नवाकोरा मातीचा बांध, दोन पुरुष उंच. बांधाच्या माथ्यावरून माणूस आत वाकून जाईल एवढा लोखंडी पाइप आला होता आणि त्याचं तोंड खाली भट्टीकडे होतं.

कोणी नव्हतं. अगदी कोणी नव्हतं. त्याने दारं वाजवली, हाका मारल्या. क्षणभर त्याला बरंही वाटलं, की माणसं कधीच निघून गेली असतील आणि सुंठेवाचून खोकला गेला असेल. मग खोल्यांच्या मागे त्याला एक दोरी दिसली. रिकामीच, पण खालची माती ठिपक्याठिपक्यांनी भिजलेली होती. कपडे नुकतेच काढले होते.

"चालणं अगदी नानांसारखं आहे," मागून आवाज आला. "म्हणून आले बाहेर. नाहीतर आले नसते."

एक वाळकी म्हातारी, पदर कमरेला खोचलेला. त्याला सांगावं लागलं नाही ती कोण. पातेलं घेऊन रस्त्यावर उभी राहिलेली ती हीच.

"मावशी, बाहेर पडा. सगळ्यांना घेऊन आजच्या आज निघा. परवा इथे राख-पाणी सोडणार आहेत."

म्हातारी हसली. "गोदामामागे होतो तेव्हा आधी म्हणाले रस्ता होणार. मग म्हणाले गोदाम कोसळणार, पळा. एकदा तर म्हणाले रोगाची साथ आहे. बाहेर काढायला माणूस काय वाटेल ते सांगतो, बाळा."

"पण हा बांध! बांध बांधला तेव्हा तुम्ही विचारलं नाही कोणाला?"

"विचारायला जाणार कोण? यंत्रं आली की आम्ही खाली. गेली की वर. सहा महिने तेच. त्यांनी आम्हाला पाहिलं नाही, आम्ही त्यांना पाहिलं नाही."

तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. चाळीस वर्षं एकही चूक न करता केलेल्या कामाचा. त्याने तो बोगदा पाहिला. भट्टीचा धूर धुराड्याकडे नेणारी जमिनीखालची विटांची नळी, तोंडावर लोखंडी पत्रा, आतून कडी. सगळ्या जागेत सर्वांत खोल तीच होती. पाणी आधी कुठे जाईल हे कळायला इंजिनिअर असण्याची गरज नव्हती. आणि गुरुवारी गाड्या येतील तेव्हा ही माणसं कुठे असतील, हेही त्याला कळलं.

"मावशी, मी तुम्हाला वहीत लिहितो. एक नाव सांगा, फक्त एक. लिहिलं की त्यांना थांबावंच लागेल."

म्हातारीचा चेहरा बंद झाला. "नाव नाही सांगायचं. ते मी एकदाच केलं."

"मग काय करू मी?"

"नाना सांगू देत. त्यांनी येऊन बेल वाजवली, की आम्ही वर. त्यांच्या हाताची ओळख आहे आम्हाला. मग ते म्हणतील ते करू, म्हणतील तिथे अंगठा देऊ." ती वळली आणि परत थांबली. "बरे आहेत ना? अकरा वर्षं आले नाहीत. बेल ऐकली नाही, म्हणून बराच वेळ खाली बसावं लागतं हल्ली."

कचेरीत आल्यावर तो सरळ बाईसाहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बाईसाहेब नव्या होत्या, पण कच्च्या नव्हत्या. त्यांनी वही मागवली, सत्तेचाळीसचं पान उघडलं आणि बोटाने ओळी मोजल्या.

"अकरा वर्षं एकदाही गेला नाहीत?"

"नाही."

"आणि प्रमाणपत्रावर सही केलीत."

"केली."

"ठीक. मी वीजकेंद्राला फोन केला तर ते म्हणतील, तुमच्याच कागदावर रिकामी आहे. जुनी नोंद बदलायची तर संयुक्त पाहणी लागते. गुरुवारी अकरा वाजता मी येते. मला तिथे एक माणूस दाखवा. जिवंत, स्वतःच्या तोंडाने नाव सांगणारा. पाहणीला गेलेले कर्मचारी आणि त्यांच्याबरोबरची माणसं हिशेबात धरायची नाहीत. दिसला तर पाइप थांबवते आणि तुम्हाला निलंबित करते. नाही दिसला तर पाइप सुटेल आणि तुम्हाला निलंबित करते." त्यांनी वही मिटली. "निलंबनाचा कागद मी बरोबरच आणीन."

बायकोला हे सांगताना तो चाचरला. ती भांडी पुसत होती. पुसणं न थांबवता म्हणाली, "नोकरी गेली तर दुसरी बघू, नाहीतर उपाशी राहू. पण ती माणसं गेली तर तुम्ही या घरात जेवू शकणार आहात का? आणि मी वाढू शकणार आहे का?" मग तिनेच माळ्यावरच्या पेटीतून नानांच्या सायकलची बेल काढून दिली. सायकल कधीच मोडीत गेली होती. बेल नानांनी ठेवली होती.

बुधवारी नानांचा दिवस वाईट गेला. गुरुवारी सकाळी मात्र ते स्वतः उठले, दाढी केली, जुना कोट चढवला. बेलला तेलाचा थेंब सोडला आणि अंगठ्याने दोनदा वाजवून पाहिली. आवाज लख्ख होता.

"लक्षात आहे ना, नाना? आपण पोचलो की बेल वाजवायची. ते वर आले की मावशींना सांगायचं, नाव सांगा म्हणून."

"मला काय शिकवतोस? मीच शिकवलंय त्यांना."

त्याला इतकं हायसं वाटलं, की जीपमध्ये बसताना त्याने बापाचा हात दाबला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. नाना गोंधळून हसले.

जीपमध्ये पुढे बाईसाहेब होत्या, मांडीवर नोंदवही आणि लाल फीत बांधलेली फाईल. मागे हे दोघे. रस्ता उताराला लागला तरी नाना खिडकीतून बाहेर बघत नव्हते. त्या लाल फितीकडे बघत होते. त्याने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लागायला हवा होता तो लागला नाही. माणूस हजार गोष्टींची काळजी करतो आणि नेमकी हजार-एकावी आडवी येते.

बांधावर वीजकेंद्राची चार माणसं चाकाजवळ उभी होती. ते चाक फिरवलं की पाइप उघडणार. खाली खोल्यांची ओळ, गंजकी कुलपं, शांतता. दोरीसुद्धा काढून टाकलेली. साडेअकरा झाले होते.

नाना जीपमधून उतरले. पाठ ताठ, हात मागे बांधलेले, ओठांवर एक आदबशीर हसू. ते मुलापुढे गेले, बाईसाहेबांच्या डाव्या अंगाला एक पाऊल मागे राहून चालू लागले, आणि खणखणीत आवाजात, पार बोगद्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "बघून घ्या साहेब. सत्तेचाळीस नंबर. पडीक भट्टी, बारा खोल्या, सगळ्या बंद. रिकामी जागा आहे. इथे कोणी राहत नाही."

"नाना!"

"जनावरं येतात कधी चरायला. बाकी काही नाही."

त्याने धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "नाना, मी आहे. बेल वाजवा. बेल वाजवा ना!"

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. नजरेत ओळख होती आणि तीच सगळ्यांत वाईट होती. त्यांनी तोंड त्याच्या कानाशी नेलं. "वेडा आहेस का? साहेब समोर आहे. साहेब गेल्यावर." आणि बेल कोटाच्या आतल्या खिशात टाकून वरून बटण लावलं. हिसकावून घेऊन उपयोग नव्हता, खाली ओळख नानांच्या हाताची होती.

तो बोगद्याकडे पळाला. पत्र्यावर मुठी आपटल्या, मावशीला हाका मारल्या, खोटं बोलला, शिव्या दिल्या, रडला. पत्रा आतून पक्का होता. आत चाळीसएक माणसं असतील आणि श्वासही ऐकू येत नव्हता. का यावा? वर नाना आले होते, नानांचा आवाज त्यांनी ऐकला होता. नाना म्हणाले होते, इथे कोणी राहत नाही. त्याचा अर्थ त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होता: हलू नका.

बाईसाहेब मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एका खोलीमागची चूल पाहिली होती. वाकून राखेवर तळहातही धरला होता. त्यांच्या कपाळाला आठी होती.

"गरम आहे ना, बाई? तुम्हीच सांगा, गरम आहे ना?"

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "पण पाहणीत चूल धरत नाहीत. कोणीही पेटवू शकतं, वाटसरू, गुराखी. मला माणूस हवा. नाव सांगणारा. नाहीतर माझ्या लिहिण्याला वर कोणी विचारणार नाही. बारा वाजता ते चाक फिरवतील." त्यांनी बांधाकडे पाहिलं. "दहा मिनिटं आहेत."

तो पत्र्याला पाठ टेकून खाली बसला. गुडघ्यांना माती, हातांना रक्त. अकरा वर्षं एका शब्दात काढली आणि आता दहा मिनिटांत त्याला एक नाव हवं होतं. बांधावरच्या एकाने घड्याळ पाहिलं आणि चाकाला हात लावला. तेव्हा त्याला आठवलं, काय धरायचं नाही ते. कर्मचारी धरायचे नाहीत.

"बाई, तो कागद आणलात?"

"कुठला?"

"निलंबनाचा. द्या इकडे. मिळाल्याची सही आत्ता करतो. वेळ घाला त्यावर." कागदावर मातीचे डाग पडले, सही वाकडी आली. त्याने तो परत दिला. "आता मी पाहणीवरचा कर्मचारी नाही. तुमच्याबरोबर परत येणारही नाही. मी इथे राहतो. लिहा."

बाईसाहेब त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना हसू येतंय की रडू हे सांगता आलं नसतं. मग त्यांनी हातावर वही उघडली, सत्तेचाळीसचं पान. "नाव?"

त्याने आपलं नाव सांगितलं. पूर्ण, नानांच्या नावासकट. इतक्या वर्षांनी कचेरीच्या माणसासमोर ते उच्चारताना त्याला ते अनोळखी वाटलं. बाईसाहेबांनी लिहिलं: 'एक इसम आढळला.' वर पाहून हात हलवला, आणि बांधावरची माणसं कुरकुरत चाकापासून बाजूला झाली.

त्याच्या छातीतून जो श्वास सुटला तो हुंदक्यासारखा होता. वाचली. सगळी वाचली.

"तुम्हाला नियम माहीत आहे," बाईसाहेब फाईल बांधताना हळूच म्हणाल्या. "जागा आता रिकामी नाही. म्हणजे अतिक्रमण. तीस दिवसांची नोटीस निघेल. मग गाड्या येतील. मी नाही पाठवल्या तर माझ्यानंतरचा पाठवील. तीस दिवसांत यांना कुठे नेता येतं बघा."

जीप चढावर दिसेनाशी झाली. बांधावरची माणसंही गेली. सगळं इतकं शांत झालं की धुराड्यावरची पाखरं परत येऊन बसली. नाना कोटाची बाही झटकत त्याच्यापाशी आले. चेहऱ्यावर काम नीट पार पडल्याचं समाधान होतं.

"गेले साहेब. काही लिहिलं नाही ना?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. रोज संध्याकाळी चार, पाच, तीन सांगणाऱ्याला एक शब्द काय जड होता? पण ते आता त्याच्याने होईना.

"लिहिलं, नाना. एक माणूस आढळला असं लिहिलं. मी लिहायला लावलं. नाहीतर सगळे बुडाले असते."

नानांचं हसू जागच्या जागी विझलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कुलपांच्या त्या ओळीकडे, मग चढावरच्या रिकाम्या रस्त्याकडे. म्हातारा एका क्षणात आणखी म्हातारा झाला.

"लिहिलंस," ते म्हणाले. "अरे, लिहिलंस तू."

"तीस दिवस आहेत, नाना. काहीतरी करू. साहेब गेले ना? आता बेल वाजवा. त्यांना वर येऊ दे."

"कुठे गेले?" नाना म्हणाले. "लिहिल्यावर ते जात नसतात."

त्यांनी खिशावरून हात फिरवला, बटण लागलंय याची खात्री केली आणि पायरीवर बसून रस्त्याकडे बघू लागले. तो त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून विनवत राहिला. पत्र्याखाली कोणीतरी एकदा खोकलं आणि लगेच कोणीतरी त्याचं तोंड दाबलं असावं. मग परत काही नाही. खाली सगळी माणसं दोनदा बेल वाजायची वाट बघत बसली होती.